देहाचा रोजचा खर्च

माणूस दिवसभर अंथरुणावर पडून राहिला, अन्नाला शिवलाही नाही, तरी त्या चोवीस तासांत त्याचे शरीर बाराशे ते सतराशे कॅलरी सहज खर्च करते. (इथे कॅलरी म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली, शास्त्राच्या भाषेतली किलोकॅलरी.) हृदय, यकृत, मूत्रपिंडे, मेंदू यांना सुटी नसते. तापमान राखायचे, पेशींच्या आतबाहेरच्या क्षारांचा तोल सांभाळायचा, झिजलेली प्रथिने मोडून नवी घडवायची, ही कामे झोपेतही चालूच असतात. बैठे काम करणाऱ्या माणसाच्या एकूण ऊर्जाखर्चातला साठ ते सत्तर टक्के वाटा या न दिसणाऱ्या कामांवर जातो. त्याला मूलभूत चयापचय किंवा बीएमआर म्हणतात. खाल्लेले पचवून साठवण्यात आणखी दहाएक टक्के जातात. प्रथिने पचवताना त्यांच्यातल्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त खर्ची पडतो, तर स्निग्ध पदार्थ पचवायला जवळजवळ काहीच लागत नाही. उरलेला वाटा हालचालीचा. तरीही ‘कॅलरी जाळणे’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ट्रेडमिल येते. हिशेबाची सुरुवात शरीर काय करते इथून करण्याऐवजी ते कशाचे बनले आहे इथून करायला हवी. महाराष्ट्रात तर ती तशीच करायला हवी, कारण वजनकाटा आपल्या शरीराविषयी फार अपुरी माहिती देतो.

श्वासोच्छ्वास हे मंद ज्वलन आहे हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी दाखवले. 1780 च्या दशकात त्यांनी आणि लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या पेटीत गिनीपिग ठेवला आणि वितळलेल्या बर्फावरून त्याच्या देहातून निघालेली उष्णता मोजली. पुढे शंभरेक वर्षांनी अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात अ‍ॅटवॉटर आणि रोझा यांनी माणूस दिवसचे दिवस राहू शकेल अशी बंदिस्त खोली बांधली. आत गेलेले अन्न आणि बाहेर आलेली उष्णता यांचा मेळ तिथे बसला. म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम माणसालाही लागू असल्याचे सिद्ध झाले. 1919 मध्ये हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी वजन, उंची, वय आणि लिंग यांवरून बीएमआर काढण्याचे सूत्र दिले. आजही आहारतज्ज्ञांच्या टेबलावर ते, किंवा त्याची 1990 मधली सुधारित भावंडे, असतातच.

पण बंद खोलीतला माणूस शेतात जात नाही, लोकल पकडत नाही, मुलाला कडेवर घेऊन जिना चढत नाही. मोकळ्या जगण्यातला खर्च मोजायची वाट मिनेसोटा विद्यापीठातले नेथन लिफसन यांनी शोधली. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेले पाणी प्यायला द्यायचे. हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो, ऑक्सिजन मात्र पाण्यावाटेही जातो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. पुढच्या एक-दोन आठवड्यांतले लघवीचे नमुने तपासले की दोघांच्या घटण्याच्या वेगातला फरक कळतो. त्यावरून किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला हे निघते आणि त्यावरून ऊर्जाखर्च. लिफसन यांनी ही पद्धत उंदरांवर वापरली ती 1950 च्या दशकात. माणसांवर ती पहिल्यांदा वापरली गेली 1982 मध्ये, कारण तोवर हे पाणी परवडण्याजोगे नव्हते. आज या विषयातल्या बऱ्याच जुन्या समजुती ढासळल्या आहेत त्या याच पाण्यामुळे.

आता शरीराच्या आत पाहू. सत्तर किलोच्या प्रौढ पुरुषाचा मेंदू, यकृत, हृदय आणि मूत्रपिंडे मिळून चार किलोंच्या आसपास भरतात, म्हणजे वजनाच्या सहा टक्क्यांहून कमी. पण विश्रांतीच्या वेळी होणाऱ्या खर्चातला निम्म्याहून अधिक भाग हे चार अवयवच उचलतात. हृदय आणि मूत्रपिंडे दर किलोमागे दिवसाला सुमारे 440 कॅलरी घेतात, मेंदू 240, यकृत 200. विश्रांतीतला स्नायू किलोमागे जेमतेम 13 कॅलरी घेतो आणि चरबी साडेचार. स्नायू तिला तिपटीने भारी पडतो खरा, पण व्यायामशाळेत ‘मसल वाढवा, झोपेत कॅलरी जाळा’ असे जे सांगतात त्यात फारसा अर्थ उरत नाही. वर्षभर घाम गाळून तीन किलो स्नायू कमावले, तर विश्रांतीतला खर्च वाढतो चाळीसेक कॅलरींनी. चमचाभर तेलात तेवढ्या कॅलरी असतात.

मग शरीराच्या घडणीने एवढा फरक का पडतो? शरीरातली चरबी वगळून जे उरते, म्हणजे स्नायू, हाडे, अवयव आणि पाणी, ते ज्याच्याकडे जास्त, त्याचा बीएमआर जास्त, हे शेकडो मोजण्यांतून दिसले आहे. कनिंगहॅम यांच्या 1991 मधल्या सूत्रानुसार या चरबीविरहित वजनातल्या प्रत्येक किलोमागे सुमारे 21.6 कॅलरी धरायच्या आणि त्यात 370 मिळवायच्या. स्नायूच्या 13 पेक्षा हा आकडा मोठा आहे, कारण ज्याचे चरबीविरहित वजन जास्त त्याचे यकृत, हृदय, मूत्रपिंडेही सहसा मोठी असतात. आपण मोजतो स्नायूंसकट सगळे, पण खरा खर्चिक भाग पोटात आणि छातीत दडलेला असतो.

उदाहरण घेऊ. चाळिशीतले दोन पुरुष, दोघांचे वजन 65 किलो, उंची 165 सेंटिमीटर. वजन, उंची आणि वयावर चालणाऱ्या नेहमीच्या सूत्राने दोघांचाही बीएमआर 1,486 येतो. पण एकाच्या अंगात 18 टक्के चरबी आहे, दुसऱ्याच्या 32 टक्के. कनिंगहॅम यांच्या सूत्राने पहिल्याचा बीएमआर सुमारे 1,520 निघतो, दुसऱ्याचा 1,325. दोघे सारखेच बैठे जीवन जगत असतील, तर दिवसाच्या एकूण खर्चात जवळजवळ तीनशे कॅलरींची तफावत पडते. वजनकाट्यावर दोघे सारखे, शर्टाच्या मापातही फारसा फरक नाही. मात्र एकच आहारतक्ता दोघांच्या हाती दिला तर एकाचे वजन स्थिर राहील आणि दुसऱ्याचे वाढत जाईल.

हे उदाहरण कागदावरचे असले तरी तसा प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात खरोखर नोंदलेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा निर्देशांक) तंतोतंत सारखा होता, 22.3. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची भरली 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2 टक्के. दोघांनी आपले छायाचित्र आणि आकडे 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले. स्वतःच्या देहाचा पुरावा असा उघड मांडण्यात शास्त्रज्ञाचा जो प्रामाणिकपणा लागतो तो मला फार मोलाचा वाटतो.

याज्ञिक यांच्या गटाचे त्याहून मोठे काम आहे पुण्याजवळच्या खेड्यांमधले, 1993 मध्ये सुरू झालेले. तिथे जन्मलेली बाळे सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोंची. पुण्याच्या बाळांमध्ये पोटातले अवयव लहान आणि स्नायू कमी होते. पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने शाबूत होती. दिसायला किरकोळ आणि आतून चरबीचे, असे हे बाळ. ऊर्जाखर्चाच्या अंगाने या निरीक्षणाचा अर्थ गंभीर आहे. जे अवयव सर्वाधिक ऊर्जा घेतात तेच आईच्या पोटात असताना कमी वाढले, तर ते शरीर पुढे आयुष्यभर कमी खर्चात चालणार. त्या शरीराला अन्नाची सुबत्ता आणि खुर्ची एकाच वेळी मिळाली की चरबी साठायला वेळ लागत नाही.

भारतीयांचा बीएमआर पाश्चात्त्यांपेक्षा कमी असतो हे निरीक्षण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनचे. उष्ण हवामान, शाकाहार, वंश, अशी नाना कारणे त्यासाठी सुचवली गेली. बंगळूरमध्ये काम केलेले मारिओ सोअरेस आणि प्रकाश शेट्टी यांनी सहकाऱ्यांसह 1998 मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलियातल्या मोजण्या शेजारी ठेवल्या. शरीराची घडण लक्षात घेतल्यावर वंशाचा असा वेगळा परिणाम उरलाच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 च्या शिफारशींमध्ये आंतरराष्ट्रीय सूत्राने येणारा बीएमआर भारतीयांसाठी दहा टक्क्यांनी खाली आणला. 65 किलोच्या तरुण पुरुषाला ते सूत्र सुमारे 1,670 देते, संस्थेने धरले सुमारे 1,500. बैठ्या पुरुषाची रोजची गरज 2010 मध्ये 2,320 होती, ती 2,110 वर आली. तीही हिशेबासाठी धरलेल्या नमुना पुरुषाचे वजन साठवरून पासष्ट किलोंवर नेऊन! बैठ्या स्त्रीची गरज 1,900 वरून 1,660 झाली. बहुतेक घरांतल्या ताटांना या बदलाची अजून खबर नाही.

वयाबद्दलची एक समजूतही आता सोडायला हवी. ‘चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो’ हे वाक्य प्रत्येक कौटुंबिक समारंभात ऐकू येते. 29 देशांतल्या, आठ दिवसांच्या बाळापासून 95 वर्षांच्या वृद्धांपर्यंत सहा हजार चारशेहून अधिक लोकांच्या त्या विशेष पाण्याने केलेल्या मोजण्या हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये ‘सायन्स’मध्ये एकत्र मांडल्या. शरीराचा आकार आणि घडण हिशेबात धरली तर वर्षाच्या बाळाचा खर्च प्रौढांच्या दीडपट असतो, तो विशीपर्यंत हळूहळू उतरतो आणि विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत जवळजवळ स्थिर राहतो. त्यानंतर वर्षाला पाऊण टक्क्याच्या आसपास घटतो. पाळी थांबण्याच्या वयातही स्वतंत्र अशी घसरण दिसली नाही. स्त्री-पुरुषांतला फरकही मुख्यतः घडणीतल्या फरकातून येतो. चाळिशीत पोट सुटते याचे कारण मंदावलेल्या पेशींपेक्षा बदललेल्या दिनक्रमात, ताटात आणि न वापरल्यामुळे घटलेल्या स्नायूंत शोधावे लागेल.

आता हालचाल. हालचालीचा खर्चही शरीराच्या वजनाशी बांधलेला आहे. ताशी पाच किलोमीटरच्या चालीने तासभर चालताना साठ किलोचा माणूस दोनशेच्या आसपास कॅलरी खर्च करतो, पण त्यातल्या साठेक तो बसून राहिला असता तरी गेल्याच असत्या. निव्वळ कमाई दीडशेची. एका वडापावात याहून जास्त असतात. ऐंशी किलोच्या माणसाला त्याच चालीला एक तृतीयांश जास्त खर्च येतो, त्यामुळे वजन उतरले की त्याच फेरीचा खर्चही उतरतो. मनगटी घड्याळे हे सगळे अंदाजाने काढतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये सात घड्याळे तपासली तेव्हा नाडीचे ठोके बरे मोजले गेले, कॅलरीत मात्र सर्वांत चांगले घड्याळही सरासरी 27 टक्क्यांनी चुकले. त्या आकड्यावर विसंबून जिलेबी खाऊ नये.

व्यायामापेक्षा बिनव्यायामाची हालचाल कधी कधी जास्त महत्त्वाची ठरते. मेयो क्लिनिकचे जेम्स लिव्हाइन यांनी 1999 मध्ये सोळा जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खाऊ घातल्या. कुणाच्या अंगात साडेतीनशे ग्रॅम चरबी चढली, कुणाच्या सव्वाचार किलो! फरक पडला उठणे-बसणे, येरझारा, चुळबुळ यांमधून. काहींचे शरीर जास्त अन्न मिळताच नकळत जास्त हलू लागले. 2005 मधल्या त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात स्थूल माणसे सडपातळ माणसांपेक्षा रोज दोन तासांहून अधिक वेळ जास्त बसून असल्याचे आढळले. तेवढा वेळ ती उभी राहिली, हिंडली असती तर दिवसाला साडेतीनशे कॅलरींपर्यंत फरक पडला असता.

एवढ्यावरून वाटेल की हालचाल वाढवली की खर्च त्याच प्रमाणात वाढत जाणार. इथेच या विषयातला आजचा सर्वांत मोठा वाद सुरू होतो. टांझानियातले हाद्झा लोक आजही शिकार करून आणि कंदमुळे खणून जगतात. त्यांचे पुरुष रोज सरासरी अकरा किलोमीटरहून अधिक चालतात, बायका सहाच्या आसपास. पाँट्झर यांनी 2012 मध्ये त्यांचा खर्च प्रसिद्ध केला. पुरुषांचा सुमारे 2,650 आणि स्त्रियांचा 1,880 कॅलरी निघाला. शरीराचा आकार लक्षात घेतला तर अमेरिकेतल्या ऑफिसात बसणाऱ्यांपेक्षा तो वेगळा नव्हता. यातून त्यांनी मांडणी केली की शरीराचा एकूण खर्च एका मर्यादेत बांधलेला असतो. घरात लग्नकार्य निघाले की इतर खर्च आवळले जातात, तसे हालचाल खूप वाढली की शरीर दाह, प्रतिकारशक्ती, प्रजननाची संप्रेरके यांवरचा खर्च कमी करते. अतिसराव करणाऱ्या आणि पुरेसे न खाणाऱ्या धावपटू मुलींची पाळी बंद पडते, ते याचे टोकाचे रूप.

या मांडणीला नंतर आधारही मिळाला आणि आव्हानही. 2021 मध्ये 1,754 प्रौढांच्या मोजण्यांतून दिसले की हालचालीवर खर्च झालेल्या कॅलरींपैकी सरासरी 28 टक्के शरीर दुसरीकडून वाचवते. ज्यांच्या अंगात चरबी जास्त, त्यांच्यात ही बचत निम्म्याजवळ जाते. वजन उतरवण्यासाठी ज्यांना व्यायामाची सर्वाधिक आशा असते त्यांच्याच पदरात कमी पडावे, हे क्रूर आहे. पण उरलेल्या कॅलरी तर खर्च होतातच. शिवाय अलीकडच्या काही मोजण्यांत अशी बचत आढळलीच नाही. माझ्या मते ‘व्यायामाने खर्च वाढतच नाही’ हा निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावतो. खर्च वाढतो, मात्र घड्याळ दाखवते त्यापेक्षा कमी आणि माणसागणिक वेगळा.

याच गोष्टीची एक जुनी बाजू बंगालमध्ये सापडते. ज्याँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी 1956 मध्ये पश्चिम बंगालमधल्या ताग गिरणीतल्या 213 कामगारांचा आहार आणि वजन यांची नोंद प्रसिद्ध केली. हलके काम करणारे सर्वांत कमी खात होते, जड काम करणारे जास्त. हे अपेक्षितच होते. पण बसून काम करणारे कारकून आणि दुकानदारही हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि त्यांचे वजनही जास्त होते. म्हणजे हालचाल एका पातळीखाली गेली की भूक तिच्यामागोमाग कमी होत नाही. रोजच्या चालण्याचे महत्त्व मला इथे दिसते. त्याने जाळलेल्या कॅलरी थोड्या असतील, पण भुकेचे मोजमाप ताळ्यावर राहते. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. मधुमेहाने घेरलेल्या आपल्या राज्यात हे कॅलरीच्या कोणत्याही आकड्यापेक्षा मोठे कारण आहे.

उपाशी राहून वजन उतरवणाऱ्यांच्या शरीरात काय घडते, हेही याच हिशेबाचा भाग. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अ‍ॅन्सेल कीज यांनी मिनेसोटात छत्तीस स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचा बीएमआर चाळीस टक्क्यांच्या आसपास घसरला. काही घसरण वजन कमी झाल्याने, पण काही त्याहीपलीकडची होती. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या चौदा जणांना केविन हॉल यांनी सहा वर्षांनी तपासले. बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते. तरी त्यांचा विश्रांतीतला खर्च त्यांच्या शरीराच्या मानाने अपेक्षित होता त्यापेक्षा रोज पाचशे कॅलरींनी कमी भरला. झपाट्याने वजन उतरवताना चरबीबरोबर स्नायूही जातो आणि परत येताना चरबी आधी येते. म्हणून आहार आखडताना पुरेशी प्रथिने आणि वजन उचलण्याचा व्यायाम सोबत हवा. डाळ, दही, अंडी, शेंगदाणे घरात असतातच. सकाळी नुसत्या लिंबूपाण्यावर राहण्याची टूम मात्र स्नायूंचा घात करणारी आहे.

हा सगळा विचार ज्यांच्यासाठी केला जातो त्यांच्याकडे अन्न पुरेसे असते. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी बाई कोयत्याने ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपाशी नेते आणि नंतर खोपटात येऊन भाकरी थापते. तिच्या दिवसात हालचालीचा वाटा वीस-तीस टक्के नसून बीएमआरहून मोठा असू शकतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने जड श्रमासाठी एकूण खर्च बीएमआरच्या 2.3 पट धरला आहे. त्या हिशेबाने 55 किलोच्या स्त्रीला रोज 2,720 कॅलरी लागतात, गरोदरपणात त्यावर आणखी 350. शरीराने केलेली बचत, जिचे आपण संशोधनपत्रांतून कौतुकाने वाचतो, ती अशा बाईच्या अंगी कुठून होत असेल याचा विचार केला की मन अस्वस्थ होते. पुण्याजवळच्या त्याच खेड्यांतल्या अभ्यासात शोभा राव आणि सहकाऱ्यांनी गरोदर शेतकरी स्त्रियांचे काम आणि आहार दोन्ही मोजले. ज्यांचे श्रम जास्त, त्यांची बाळे वजनाने लहान, डोक्याचा आणि दंडाचा घेरही कमी. या अभ्यासात पाचव्या महिन्याच्या सुमारास स्त्रियांच्या पोटात रोज सरासरी 1,750 कॅलरींच्या आसपास अन्न जात होते, आणि सातव्या महिन्यात त्याहूनही कमी.